मांडवीच्या पाण्यावर पास झालेला वॉटरमेकर

शिडाच्या बोटीवर वॉटरमेकर, म्हणजे समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी काढणारे यंत्र, बसवून देण्याच्या नावाखाली माझी 4,85,000 रुपयांची फसवणूक झाली. आगाऊ 2,91,000, यंत्र बोटीवर आल्यावर 1,45,500 आणि चाचणीनंतर 48,500 अशा तीन हप्त्यांत मी स्वतः बँकेतून ही रक्कम पाठवली. पुण्यातल्या कारखान्यात 31 वर्षे हायड्रॉलिक्स विभागात काढलेल्या माणसाने असे फसावे, याची मला इतकी शरम वाटत होती की तक्रारीची कार्यालये सोडली तर आठ महिने मी घराबाहेर कोणाला काही बोललो नाही. आता लिहितो आहे, कारण येत्या मोसमासाठी हे यंत्र बसवणाऱ्या त्याच माणसाने गोव्यात आणखी दोन बोटींचे काम घेतल्याचे कानावर आले आहे.

त्याच्याकडे मी केवळ स्वस्ताईसाठी गेलो नव्हतो. परदेशी यंत्रांचे मला आलेले दर साडेसात लाखांच्या पुढे होते, आणि बिघाड झाल्यास इथे येऊन पाहणारा कोणी नव्हता. हा मराठी माणूस, बोलायला अदबशीर, प्रत्येक वाक्यात ‘काका’ म्हणणारा. ताशी 60 लिटर पाणी, 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा पंप, समुद्राच्या पाण्यासाठीचा नवा 2540 मापाचा मेम्ब्रेन (क्षार अडवून गोडे पाणी गाळणारा पडदा) आणि 12 व्होल्टवर फक्त 35 अँपिअर, असे त्याने सांगितले. पंप आल्यावर मी त्याला लोहचुंबक लावून पाहिले. ते चिकटले नाही, म्हणून माझे समाधान झाले. पितळेलाही लोहचुंबक चिकटत नाही, हे मला माहीत नव्हते असे नाही. पण वरचा निकेलचा मुलामा असा चकचकीत होता की पितळेचा विचारच मनात आला नाही. पंपाच्या डोक्याचा धातू बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर ‘जलशुद्धीकरण यंत्र, 1 नग’ एवढेच आहे.

चाचणी 23 ऑगस्टला गोव्यातल्या मांडवी नदीत, बोट नांगरली होती तिथेच झाली. त्याने पंप सुरू केला, दाबाचा काटा 18 बारवर स्थिरावला, अँमीटरने 34 दाखवले आणि पारदर्शक नळीतून पाणी येऊ लागले. त्याने पेल्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार आहेत ते दाखवणारा मीटर बुडवला. “काका, 190. घरच्या नळाला तरी येतं का असं पाणी?” मी ते पाणी प्यालो, पत्नीला दिले, आणि त्याच संध्याकाळी शेवटचे 48,500 रुपये पाठवले.

तो 18 चा आकडा आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा परासरणाचा दाबच, म्हणजे गोडे पाणी वेगळे करायला ओलांडावा लागणारा दाब, सुमारे 27 बार असतो. त्याच्या खाली मेम्ब्रेनमधून गोड्या पाण्याचा थेंबही येणार नाही. खरे यंत्र 55 बारच्या आसपास चालते. म्हणजे 18 बारवर पाणी येत होते, याचा अर्थ आत जाणारे पाणी समुद्राचे नव्हतेच. ऑगस्टमधली मांडवी पावसाच्या पाण्याने भरलेली असते, हे तिच्या काठावर उभा राहूनही मला सुचले नाही. विजेचे गणितही तसेच. ताशी 60 लिटर गोडे पाणी हवे तर ताशी निदान 600 लिटर पाणी 55 बारने ढकलावे लागते, त्याला 900 वॉटच्या वर शक्ती लागते, आणि 12 व्होल्टवर 35 अँपिअर म्हणजे 420 वॉट. वाया जाणाऱ्या पाण्याचा दाब परत वापरणारे महागडे पंप एवढ्या विजेत ते करतात; माझा पंप त्यातला नव्हता. हे गणित मी कारखान्यात शिकाऊ मुलांना घालत असे. पावसाळ्यात बोट खाडीच्या मुखाबाहेर नेणे धोक्याचे असते, त्यामुळे चाचणी नदीतच होणे मला रास्त वाटले. पण माझा स्वतःचा 350 रुपयांचा मीटर खणात पडून होता आणि तो बादलीभर नदीच्या पाण्यात बुडवायला अर्धे मिनिटही लागले नसते. बाहेर येणारे पाणी सगळेच मोजतात, आत जाणारे मोजा. मोकळ्या समुद्रात चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता कोणी कितीही ‘काका’ म्हटले तरी देऊ नका.

14 नोव्हेंबरला आम्ही कोचीकडे निघालो. मंगळुरूच्या बाहेर यंत्र लावले तर 18 बारवर काहीच आले नाही. व्हॉल्व्ह पिळून दाब 40 बारवर नेला, तेव्हा पाणी आले, पण मीटर 2,300 दाखवू लागला. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा 500 आहे. दहा मिनिटांत मोटारीची वायर हाताला चटका देण्याइतकी तापली आणि फ्यूज उडाला. पत्नीने टाकीत काठी घालून पाणी मोजले आणि “अहो, आता भांडी खाऱ्या पाण्यानेच घासायची,” एवढेच म्हणाली. टाकी भरून निघण्याचा हट्ट तिचा होता, म्हणून आम्ही नीट पोहोचलो. यंत्र नवे असले तरी टाकी भरूनच निघा.

कोचीला एका कारागिराकडून मेम्ब्रेनच्या नळकांड्याचे झाकण उघडवले. मेम्ब्रेनच्या कडा तपकिरी पडल्या होत्या, म्हणजे तो कुठेतरी वापरून काढलेला होता. त्यावर ‘एस.डब्ल्यू.’, म्हणजे समुद्राच्या पाण्यासाठीचा, असे लेबल होते. त्याची कड ओली होऊन सुटली होती. नखाने ओढताच खालून ‘बी.डब्ल्यू.’ ही अक्षरे निघाली. बोअरवेलच्या मचूळ पाण्यासाठीचा मेम्ब्रेन तो. पंपाच्या डोक्यावर सांध्यापाशी हिरवा कळंक चढला होता. पैसे देण्याआधी झाकण उघडून मेम्ब्रेनचा क्रमांक स्वतः वाचा.

त्याने फोन उचलणे बंद केले आणि मग कार्यालयांच्या फेऱ्या सुरू झाल्या. गोव्यातल्या पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की पैसे पुण्याहून गेले, पुण्याला जा. पुण्यात सांगितले की यंत्र गोव्यात बसले आणि त्याचा गाळा मुंबईला आहे, शिवाय ही दिवाणी बाब आहे. हद्द कोणतीही असली तरी तक्रार नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे, हे मी छापील पान समोर ठेवून दाखवले. अधिकाऱ्याने ते पान न वाचता परत सरकवले. सायबर गुन्ह्यांच्या 1930 या मदत क्रमांकावर सांगितले की हा सायबर गुन्हा नव्हे. बंदराशी संबंधित एका कार्यालयात दीड तास बसवून ठेवल्यावर उत्तर मिळाले की आम्ही बोटीचा सांगाडा आणि सुरक्षा पाहतो, पाण्याचे यंत्र नाही. नकली लेबल लावून वापरलेला माल नवा म्हणून विकणे ही फसवणूक नसेल तर फसवणूक कशाला म्हणायचे, याचे उत्तर चारपैकी एकाही ठिकाणी मिळाले नाही.

शेवटी डिसेंबरमध्ये ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, एवढा कायदा आपल्या बाजूने आहे. वस्तूची तपासणी लागणाऱ्या प्रकरणाचा निकाल पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायदा म्हणतो, पण ती मुदत समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून मोजतात, आणि माझी नोटीस ‘गाळा बंद’ असा शेरा घेऊन दोनदा परत आली आहे. तोच माणूस बोटीवर काम करतो, फोनवर दर सांगतो, हे मी लेखी कळवले. त्यावर नवा पत्ता मीच शोधून आणावा असे सांगण्यात आले. आता पुढची तारीख 19 ऑगस्ट आहे. मेम्ब्रेन वाळला तर मीच तो खराब केला असे म्हणायला त्याला जागा मिळेल, म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात तो बुडवून ठेवला आहे, आणि खालची अक्षरे झाकणारे सुटलेले लेबल वेगळ्या पाकिटात बंद करून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आहेत.