मूळ की नक्कल? पटर, चेंडू आणि आयर्न घेण्याआधी

गोल्फचा पटर, म्हणजे भोकाजवळच्या ग्रीनवर (बारीक गवताच्या पट्ट्यावर) चेंडू हलकेच ढकलायचा क्लब, घ्यायला दुकानात गेलात की रॅकवर एकच आकार चार-पाच नावांनी उभा दिसतो. पातळ पातं, टाचेकडे आणि टोकाकडे वजन, मागे खोलगट खाच, आणि दांडा पात्याला भेटतो तिथे नळाच्या जोडासारखी वळलेली मान. एकावर पिंग लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर स्कॉटी कॅमेरॉन, तिसऱ्यावर ओडिसी, चौथ्यावर क्लीव्हलंड. किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. नवीन खेळणारे विचारतात, यातला खरा कोणता? बाकीच्यांनी चोरलाय का? आणि चोरला असेल तर स्वस्तातला घ्यायला हरकत काय?

माझं उत्तर प्रत्येक वस्तूला वेगळं आहे. आकाराची नक्कल सहज होते आणि बऱ्याचदा ती कायदेशीरही असते. शंभरावा नग पहिल्यासारखाच निघणं, याची नक्कल फार अवघड. पटरमध्ये बहुतेक गुण आकारात असतो, चेंडूत तो एकसारखेपणात असतो, आणि आयर्नमध्ये, म्हणजे मधल्या अंतराचे फटके मारायच्या क्लबात, तो तुमच्या मापाला बसण्यात असतो. त्यामुळे तिन्हींचा निर्णय एकाच तराजूत तोलू नका.

पटर: इथे नक्कल बिनधास्त घ्या

हा आकार निर्विवाद पिंगचा. कार्स्टन सोल्हाइम हा नॉर्वेत जन्मलेला इंजिनिअर अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करत होता. पटिंग काही केल्या सुधारेना म्हणून 1959 मध्ये त्याने घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचा पटर बनवला. चेंडूला लागला की 'पिंग' असा आवाज यायचा, तेच पुढे कंपनीचं नाव झालं. 1966 मध्ये नव्या पटरची आकृती सुचली तेव्हा हाताशी कागद नव्हता, म्हणून ती ग्रामोफोन रेकॉर्डच्या वेष्टनावर काढली. नाव सुचवलं त्याच्या पत्नीने, लुईझने: अॅन्सर, म्हणजे उत्तर. पात्यावर मावेना, तर स्पेलिंगमधलं एक अक्षर तिनेच गाळायला सांगितलं. वजन मधून काढून दोन्ही टोकांना न्यायचं, म्हणजे फटका मध्यावर बसला नाही तरी पातं कमी फिरतं, एवढीच ती कल्पना. 1967 च्या मार्चमध्ये तिला पेटंट मिळालं आणि 1969 मध्ये जॉर्ज आर्चर हाच पटर घेऊन मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला.

तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात पेटंट मंजुरीपासून 17 वर्षं चालायचं. 1984 मध्ये मुदत संपली आणि अॅन्सरची रचना सगळ्यांसाठी खुली झाली. हा मुद्दा मनात पक्का ठेवा, कारण 'चोरी' हा शब्द इथे लागू होत नाही. संशोधकाने आपली युक्ती जाहीर सांगायची, बदल्यात काही वर्षं एकट्याने फायदा घ्यायचा, आणि मग ती लोकांच्या हवाली करायची, असाच पेटंटचा करार असतो. टायगर वूड्सने 15 मेजर स्पर्धांपैकी (वर्षातल्या सर्वात मोठ्या स्पर्धा) 14 ज्या स्कॉटी कॅमेरॉन न्यूपोर्ट 2 ने जिंकल्या, त्याचा आकार सोल्हाइमच्या त्या आकृतीतूनच आलेला आहे. स्कॉटी कॅमेरॉन ही टायटलिस्टच्या घरातली, म्हणजे टायटलिस्टची मालक असलेल्या अॅकुशनेट कंपनीची. ही अॅकुशनेट पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता तुलना. न्यूपोर्ट 2 साधारण साडेचारशे डॉलरच्या घरात जातो. कॉस्टको या अमेरिकन दुकान-साखळीच्या कर्कलंड नावाने आलेला केएस 1 दीडशेच्या आसपास. दोन्ही स्टीलमधून मशीनवर कोरून काढलेले, दोघांचीही तळाची वजनं बदलता येतात. ग्रीनवर चेंडूला नाव वाचता येत नाही. पटरचा वेग कमी असतो, पातं वाकत नाही, आत थर नसतात. त्यामुळे आकार आणि वजन जमलं की काम झालं. स्कॉटीच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या आहेत: विकायला गेलात तर किंमत चांगली येते, आणि लांबी तुमच्या मापाची मागवता येते. कॉस्टको उंची बघून पटर बेतून देत नाही. तुम्हाला ठरावीक लांबी चालत असेल तर स्वस्तातला घ्या आणि उरलेल्या पैशात पटिंगचे धडे घ्या. मनाला मूळच हवं असेल तर अॅन्सर पिंगचाच घ्या. तो अजून बनतो, आणि ज्याची कल्पना त्यालाच पैसे गेल्याचं समाधान मला तरी मोलाचं वाटतं.

चेंडू: इथे जरा थांबा

चेंडूचा इतिहास वाचला की 'मूळ' या शब्दावरचा विश्वासच डळमळतो. टायटलिस्टचा प्रो व्ही 1 पहिल्यांदा स्पर्धेत उतरला तो ऑक्टोबर 2000 मध्ये लास व्हेगसला, आणि त्याच आठवड्यात 47 खेळाडूंनी तो वापरायला घेतला. तोवर बहुतेक व्यावसायिक खेळाडू रबराचा धागा गुंडाळलेला चेंडू खेळायचे. भरीव गाभा, मधला थर आणि वर मऊ युरेथेनचं कव्हर या रचनेने तो जुना चेंडू बघता बघता संपवला. पण ती रचना पूर्णपणे टायटलिस्टची होती का? ब्रिजस्टोनने 2005 मध्ये खटला भरला आणि 2007 मध्ये तडजोड झाली. कॅलवेने 2003 मध्ये दिवाळखोरीत निघालेली टॉप-फ्लाइट विकत घेतली होती. तिच्यासोबत चेंडूची जुनी पेटंटंही हातात आली, आणि त्यांच्या जोरावर 2006 मध्ये कॅलवेने अॅकुशनेटला डेलावेअरच्या कोर्टात खेचलं.

त्या खटल्याचा प्रवास पाहिला की पेटंट असूनही नकला का होत राहतात ते कळतं. डिसेंबर 2007 मध्ये ज्युरीने नऊपैकी आठ दावे वैध ठरवले. नोव्हेंबर 2008 मध्ये न्यायाधीशांनी 1 जानेवारी 2009 पासून विक्री थांबवायचा आदेश दिला. जगातला सर्वात खपाचा चेंडू आणि त्यावर बंदी! पण अॅकुशनेटने त्याआधीच उत्पादनात बदल करून चेंडू त्या पेटंटच्या कुंपणाबाहेर नेला होता. 2009 मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवून पुन्हा सुनावणी सांगितली. मार्च 2010 मध्ये दुसऱ्या ज्युरीने तीच पेटंटं अवैध ठरवली. 2012 मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. सहा वर्षं गेली, आणि या काळात बाजारात चेंडूच्या नव्या आवृत्त्या येऊन गेल्या. पेटंटचा दावा म्हणजे नेमकी जाडी, नेमका कडकपणा, नेमकी मांडणी असा बारीक शब्दांत बांधलेला असतो. त्यातली एक अट चुकवली की बहुतेक वेळा प्रतिस्पर्धी सुटतो.

मग आला कॉस्टकोचा चेंडू. ऑक्टोबर 2016 मध्ये कर्कलंडचा चार थरांचा, युरेथेन कव्हरचा चेंडू दोन डझनाला 30 डॉलरच्या भावाने विक्रीला आला. प्रो व्ही 1 च्या एका डझनालाही त्याहून बरेच जास्त पडायचे. कर्कलंडचा साठा संपला आणि लोक दामदुपटीने विकू लागले. अॅकुशनेटने कॉस्टकोला पत्र धाडलं की आमची 11 पेटंटं मोडली आहेत. कॉस्टको वाट बघत बसली नाही. मार्च 2017 मध्ये सिएटलच्या कोर्टात तिनेच आधी दावा लावला की आम्ही काही मोडलेलं नाही, आणि ती पेटंटंच टिकणारी नाहीत. ऑगस्टमध्ये अॅकुशनेटने प्रतिदावा केला, 2018 मध्ये समेट झाला. ज्या चेंडूवरून हे सगळं रामायण झालं तो चार थरांचा चेंडू मात्र दुकानातून गेला आणि पुढे त्याच नावाने तीन थरांचा विकला जाऊ लागला. ग्राहकाच्या दृष्टीने हा तोटा लक्षात घ्या: नक्कल करणाऱ्याचं नाव तेच राहतं, आतला माल बदलू शकतो.

एकसारखेपणाबद्दल टायटलिस्टची जुनी गोष्ट आहे. 1932 मध्ये अॅकुशनेटचे संस्थापक फिल यंग यांचा नीट मारलेला पट (पटरचा फटका) चुकला. त्यांनी तो चेंडू ओळखीच्या माणसाकडून हॉस्पिटलच्या एक्स-रे यंत्राखाली धरवला, तर आतला गाभा मध्यापासून सरकलेला निघाला. 1935 मध्ये पहिला टायटलिस्ट चेंडू आला तो हा दोष काढूनच. गाभा किंचित सरकला किंवा कव्हर एका बाजूला जाड झालं तर चेंडू हवेत भलतीकडे जातो, पट ओघळतो, आणि तुम्ही आपल्याच हाताला दोष देत बसता. प्रो व्ही 1 च्या किमतीत जाहिरात आहेच, पण न्यू बेडफर्डच्या कारखान्यातली ही तपासणीही आहे.

तर ठरवायचं कसं? तुमचं हॅंडिकॅप (मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) 18 च्या वर असेल आणि एका फेरीत तीन-चार चेंडू झाडीत नि पाण्यात जात असतील, तर कर्कलंड घ्या. ग्रीनजवळ युरेथेनची पकड मिळते, ती स्वस्त दोन थरांच्या चेंडूत नसते. ड्रायव्हरला, म्हणजे सर्वात लांब फटक्याच्या क्लबला, तो प्रो व्ही 1 पेक्षा जास्त फिरतो, म्हणजे स्लाइसवाल्यांना (ज्यांचा चेंडू हवेत वळून बाजूला जातो) थोडा त्रास. हॅंडिकॅप एक आकडी असेल तर मूळ घ्या आणि मॉडेल बदलू नका. भारतात कॉस्टकोचं दुकान नाही. इथे कर्कलंड येतो तो अमेरिकेतल्या भावाच्या, मुलीच्या बॅगेतून. म्हणजे आज आहे, उद्या नाही. अशा वेळी दर महिन्याला वेगळा चेंडू खेळण्यापेक्षा इथे कायम मिळणारा मधल्या किमतीचा एक चेंडू धरून बसणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आयर्न: नक्कल नको, मागची आवृत्ती घ्या

इथे आरोपांची साखळीच आहे. बॉब पार्सन्स यांच्या पीएक्सजी कंपनीने पोकळ डोक्याचं, आत मऊ प्लॅस्टिकसारखा पदार्थ भरलेलं आयर्न आणलं. पातळ चेहरा वाकतो, चेंडू वेगाने सुटतो, आणि आतल्या भरावामुळे आवाज पोकळ येत नाही. 2017 मध्ये टेलरमेडचं पी 790 आलं: पोकळ डोकं, पातळ चेहरा, आत फोम. पीएक्सजीने लगेच अॅरिझोनात खटला भरला, विक्री तातडीने थांबवायची मागणी कोर्टाने मानली नाही, आणि शेवटी दोघांनी एकमेकांच्या पेटंटांचे हक्क वाटून घेऊन वाद मिटवला. मग कर्कलंडची आयर्न आली, सात क्लबचा संच 499 डॉलरला. पी 790 चा तेवढाच संच चौदाशेच्या आसपास. जानेवारी 2024 मध्ये टेलरमेडने कॉस्टकोवर आणि ती रचना करणाऱ्या सदर्न कॅलिफोर्निया डिझाइन कंपनीवर खटला भरला. काल आरोपी असलेली कंपनी आज फिर्यादी झाली. पेटंटभंगासोबत आणखी एक आरोप होता: आत युरेथेन भरल्याची जाहिरात खरी नाही.

ग्राहकाला हा दुसरा आरोप जास्त महत्त्वाचा. चेंडू कापून बघता येतो, आयर्न कोण कापणार? आत काय आहे यासाठी विकणाऱ्याच्या शब्दावरच भरवसा ठेवावा लागतो. दुसरी अडचण मापाची. क्लब जमिनीला किती कोनात टेकतो, त्याला लाय म्हणतात. तो चुकीचा असेल तर उत्तम फटकाही डावीउजवीकडे जातो. पिंगने 1972 पासून उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतच्या मापावरून रंगांचे ठिपके देऊन ही गोष्ट सामान्य खेळाडूपर्यंत पोचवली. ठरावीक दांड्यांसह पेटीबंद येणाऱ्या संचात ती सोय नाही.

पण म्हणून चौदाशे डॉलर घालायचीही गरज नाही. पी 790 ची नवी आवृत्ती साधारण दर दोन वर्षांनी येते आणि ती आली की मागचीचा भाव घसरतो. दोन पिढ्या जुना, नीट वापरलेला मूळ संच आणि लाय जुळवून घ्यायचा थोडा खर्च, ही माझी शिफारस. आत काय आहे ते ठाऊक असतं आणि डोकं तुटलं तर तसंच दुसरं मिळतं.

ड्रायव्हरबद्दल थोडकंच

इथे सगळे एकमेकांसारखे दिसतात ते मुख्यतः नियमांमुळे. डोकं 460 घन सेंटिमीटरपेक्षा मोठं चालत नाही, चेहऱ्याच्या उसळीला मर्यादा, वळण्याच्या विरोधालाही मर्यादा. सगळे त्याच भिंतीपर्यंत पोचले आहेत. जानेवारी 2024 मध्ये टेलरमेड आणि पिंग दोघांनीही एकाच महिन्यात वळण्याच्या विरोधाचा '10 के', म्हणजे दहा हजारांचा, आकडा मिरवणारे ड्रायव्हर आणले. एकाने दुसऱ्याचं बघून महिन्याभरात ड्रायव्हर बनत नाही. तुमच्या हातात सरळ जातो तो घ्या. फक्त स्पर्धा खेळत असाल तर यूएसजीए आणि आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या मंजूर यादीत ते डोकं आहे का बघा. चेंडूंचीही अशी यादी असते.

बनावट: ही तुलनाच नको

आतापर्यंत बोललो ते स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नकलांबद्दल. दुसऱ्याचं नाव कोरून विकलेला माल वेगळा. तो गुन्हा आहे आणि तो रोखण्यासाठी मोठ्या अमेरिकन कंपन्या, एरवी कोर्टात एकमेकांशी भांडणाऱ्या, 2004 पासून एकत्र काम करतात. मीही एकदा फसलो. अर्ध्या किमतीत 'नवा' ड्रायव्हर घेतला, विक्रेत्याचा फोन पुढच्या आठवड्यात बंद झाला आणि तिसऱ्या रेंज सत्रात डोकं मानेपासून निखळून उडालं. शेजारच्या मॅटवर एक लहान मुलगी सराव करत होती. ते डोकं तिच्यापासून हातभर अंतरावर पडलं. त्या दिवसापासून मी या बाबतीत कुणाचीही भीड ठेवत नाही.

जुना ड्रायव्हर घेताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. टायटॅनियमचा म्हणून सांगितलेल्या चेहऱ्याला ते चिकटलं तर तिथेच परत फिरा. नाही चिकटलं म्हणजे खरा असं मात्र नाही, कारण ॲल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. मानेवरचा अनुक्रमांक टिपून घ्या, कंपनीला मेल करून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका.