मेलाटोनिनचा सहा महिन्यांचा अनुभव: झोप लवकर लागते, पण पहाटेचं काय?

आमच्या मुलाला अँजेलमन सिंड्रोम आहे. आईकडून येणारा यूबीई३ए जनुक मेंदूत काम करत नाही. त्यामुळे बोलणं नाही, चाल डगमगती, फिट्स, आणि झोपेचा पार बट्ट्याबोळ. मध्यरात्री उठून हा टाळ्या वाजवत खदाखदा हसायचा. ऐकणाऱ्याला गोड वाटतं. सकाळी पहिल्या पाळीला जाणाऱ्या आमच्या ह्यांना विचारा.

सासूबाईंचे उपाय झाले होते. काशाच्या वाटीनं तळपाय घासले की तो शांत व्हायचा, झोपायचा मात्र नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मिरजेच्या डॉक्टरांनी मेलाटोनिनचे ड्रॉप्स लिहून दिले. झोपायच्या तासभर आधी, तेही अगदी थोडे. हे गुंगीचं औषध नाही. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी जे सोडते, तेच बाहेरून द्यायचं.

पहिल्याच आठवड्यात फरक दिसला. साडेअकरापर्यंत घरभर रांगणारा पोरगा साडेनऊला आडवा! पण पहाटे चारला टक्क जागा. मला वाटलं आमचंच नशीब, पण ब्रिटनमधल्या मुलांवरच्या एका चाचणीतही तसंच दिसलंय. २०१२ साली ती छापून आली. झोप लागायचा वेळ साधारण ३८ मिनिटांनी कमी झाला, पण मुलं उठलीही लवकर, म्हणून एकूण झोप वाढली जेमतेम २२ मिनिटं. ही अपेक्षा ठेवूनच बाटली उघडा.

गणपतीच्या सुमारास परिणाम ओसरला. बाहेर डॉल्बी आणि लायटिंग, म्हणून आधी त्यालाच बोल लावला. विसर्जन झालं तरी गाडी रुळावर येईना. डोस वाढवून मिळेल म्हणून गेलो, तर डॉक्टरांनी काही दिवस बंद करून नंतर निम्म्यावर आणला. काही मुलांच्या यकृतात मेलाटोनिन फार सावकाश मोडतं, ते दिवसाही रक्तात साचून राहतं आणि मग शरीराला रात्र कुठली ते कळेनासं होतं. निम्म्या डोसवर झोप परत आली. माझ्या मते या औषधात खरी मेख इथंच आहे.

आजार बदलला की गणितही बदलतं. स्मिथ-मॅजेनिस सिंड्रोममध्ये मेलाटोनिन दिवसाच जास्त सुटतं, त्यामुळे दुसऱ्याच्या मुलाचा डोस उचलू नका. सावकाश विरघळणारी गोळी मिळाली तर ती कुटून देऊ नका, मग तिचा उपयोगच जातो. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून दुकानदार मोठ्यांची दहा मिलीग्रॅमची पट्टी पुढे करतो, ती सरळ परत द्या. फिट्सच्या औषधांना हात लावायचा नाही, हे तर आहेच.

साडेआठनंतर मोबाईल आणि ट्यूबलाइट बंद, हा नियम ड्रॉप्सइतकाच कामाचा ठरला. पहाटेचं जागरण अजून आहेच. आम्ही पलंग काढून गादी जमिनीवर टाकली, दाराला वरची कडी लावली आणि पाळ्या वाटून घेतल्या. रविवारची पहाट ह्यांची.