खात्याची शिस्त की स्वतंत्र आयोग? हाँगकाँगचा दाखला

साताऱ्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला वादस्पर्धेसाठी बाजू ठरवता येत नाही: जुगारअड्ड्यांकडून हप्ता घेणाऱ्या पोलिसांवर खात्यानेच कारवाई करावी की बाहेरच्या यंत्रणेने? तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या हाँगकाँगने दोन्ही मार्ग वापरले, म्हणून तुलना तेथील.

वेगात खाते सरस ठरते. १८९७ मध्ये पोलीसप्रमुख फ्रान्सिस हेन्री मे यांच्या छाप्यात लाच घेणाऱ्या पोलिसांच्या नोंदी सापडल्या आणि अनेकांना नोकरी गमवावी लागली. फौजदारी खटल्याइतका भक्कम पुरावा बडतर्फीला लागत नाही, हे या मार्गाचे बळ.

टिकाऊपणात मात्र तो उणा पडतो. माणसे गेली तरी हप्त्याची साखळी पुन्हा जुळली, आणि लाचखोरीचा तपास करणारे कार्यालयही पोलीस दलातच असल्याने चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या राहिल्या. १९७३ मध्ये वरिष्ठ अधिकारी पीटर गॉडबर चौकशी चालू असतानाच हाँगकाँगबाहेर निसटला, तेव्हा १९७४ मध्ये थेट गव्हर्नरला उत्तरदायी असा आयोग स्थापन झाला. गॉडबरला परत आणून चार वर्षांची शिक्षाही झाली.

आयोगाची किंमत मोठी होती: १९७७ मध्ये संतप्त पोलीस आयोगाच्या कार्यालयात घुसले आणि सरकारला जुन्या बहुतेक प्रकरणांना माफी द्यावी लागली.

लाचखोरी एखाद्या ठाण्यापुरती आणि वरिष्ठ निष्कलंक असतील, तर खात्याची शिस्त पुरेशी आहे. हप्ता वरपर्यंत पोहोचत असेल, तर आयोगच हवा. विद्यार्थिनीने आयोगाची बाजू घ्यावी, मात्र माफीच्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे.