जुने धातूचे सैनिक घ्यायचे, तर शिशाचे, कथलाचे की जस्ताचे?

खेळण्यातले सैनिक, गाड्या अशा जुन्या धातूच्या छोट्या आकृत्या जमवायला निघालात की विकणारा तुम्हाला रंग दाखवेल, मूळ खोका दाखवेल, वय सांगेल. त्याआधी एक गोष्ट विचारा: ही वस्तू खराब होते कशी? हात, मान, बंदूक तुटणं हा अपघात आहे, तो सांधता येतो. धातूच बिघडणं हा आजार आहे, आणि गेलेला धातू परत येत नाही. नाजूक दिसणारा सैनिक शंभर वर्षं टिकतो आणि हाताला दणकट लागणारी गाडी कपाटात बसल्या बसल्या भुगा होते. पैसे टाकण्याआधी हा फरक कळायला हवा.

लंडनचे पोकळ सैनिक

बहुतेकांचा ओढा इकडेच असतो, आणि तो रास्त आहे. १८९३ मध्ये धाकट्या विल्यम ब्रिटन यांनी पोकळ ओतकामाची पद्धत काढली. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, साचा फिरवायचा, कडेला पातळ थर गोठला की उरलेलं शिसं बाहेर काढून घ्यायचं. धातू कमी लागला, वजन घटलं, किंमत उतरली, आणि तोवर बाजारावर पकड असलेल्या जर्मन भरीव सैनिकांना मोठा प्रतिस्पर्धी मिळाला. ५४ मिलिमीटर ही उंची पुढे या छंदाचं मापच ठरली. ब्रिटन्स कंपनीने १९६६ मध्ये शिशाचे सैनिक बनवणं थांबवलं.

शिशात अँटिमनी हा ठिसूळ धातू मिसळल्यामुळे धातू कडक झाला आणि बारकावे छान उठले, पण त्याच कारणाने तो ठिसूळही झाला. निव्वळ शिसं वाकतं. हे मिश्रण थोडं वाकवलं तरी कट्‌कन तुटतं. म्हणून पोकळ सैनिकाची वाकलेली बंदूक किंवा संगीन सरळ करायला जाऊ नका. वाकलेली राहू द्या. सगळ्यात जास्त मोडतात त्या बंदुकीच्या नळ्या, त्याखालोखाल माना आणि घोड्यांचे पाय. तुटलेलं डोकं पोकळ मानेत आगकाडी खुपसून बसवायची घरगुती पद्धत इतकी रूढ होती की आजही जुन्या संचात असं एखादं डोकं सापडतं.

खांद्यात फिरणारा हात वेगळा ओतलेला असतो. खांद्यावरची खुंटी झिजली की तो ढिला होतो किंवा गळून पडतो. हात हरवला म्हणून सैनिक सोडू नका, कारण नव्याने ओतलेले सुटे हात मिळतात. विकणाऱ्याने मात्र हात नवा आहे हे सांगायला हवं, आणि किंमत त्याप्रमाणे उतरायला हवी.

पायदळ की घोडदळ? पहिल्या खरेदीला पायदळच. पायदळाच्या सैनिकाखाली तळपट असते. अनेक घोडे मात्र स्वतःच्या चार बारीक पायांवर उभे असतात आणि वर स्वाराचं वजन. एका पायाला चीर गेली की भार उरलेल्या तिघांवर येतो. ब्रिटन्सच्या यादीत बॉम्बे लान्सर्सचाही, म्हणजे भालाईत घोडदळाचा, संच होता. आपल्याकडच्या माणसाला त्याचा मोह पडणारच, मलाही पडतो. पण भाला आणि घोड्याचे पाय असे दोन्ही कमकुवत दुवे त्यात एकत्र आहेत. तो कुरियरने मागवू नये, स्वतः पाहून हातात आणावा.

जर्मन चपटे आणि भरीव

न्यूरेंबर्गच्या परिसरातल्या कारागिरांनी पाटीच्या दगडात साचे कोरून कथील-शिशाच्या चपट्या आकृत्या ओतल्या. तिथल्या हाइनरिक्सन या कारखान्याने १८३९ मध्ये काम सुरू केलं आणि साधारण ३० मिलिमीटरचं माप रूढ केलं. जाडी जेमतेम मिलिमीटरभर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे काय टिकणार? पण योग्य जागी ठेवल्या तर माझ्या मते जुन्या आकृत्यांत याच सर्वात भरवशाच्या. धातू मऊ असल्याने घोटा वाकतो, लगेच तुटत नाही. एकदा हळूच सरळ करता येतो. पुन्हा पुन्हा वाकवला तर मात्र मोडतो. जर्मनीत कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात अशा आकृत्यांचं मोठं संग्रहालय आहे. मुंबई-ठाण्याच्या घरात भिंतीवरच्या उथळ काचेच्या चौकटीत एक अख्खी लढाई मावते, हाही फायदा कमी नाही.

कथलाला थंडीत कीड लागते, हे ऐकून काहीजण घाबरतात. १३ अंश सेल्सिअसच्या खाली शुद्ध कथील हळूहळू करड्या भुकटीत बदलू शकतं, हे खरं. पण त्याला दीर्घकाळ कडक थंडी लागते, आणि कथलात शिसं मिसळलेलं असलं की हा बदल रोखला जातो. महाराष्ट्रात याची चिंता नको.

ड्रेस्डेनच्या हायडेसारख्या कारखान्यांचे भरीव सैनिक जड, मऊ आणि विविध पवित्र्यांचे. ते तुटण्यापेक्षा वाकतात जास्त. मूळ रंग शाबूत असलेले शोधायला वेळ द्यावा लागतो.

जस्ताच्या गाड्या

सैनिकांसोबत ट्रक, तोफा हव्यात म्हणून अनेकजण दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डाय-कास्ट, म्हणजे धातू दाबाने साच्यात भरून केलेल्या, खेळण्यातल्या गाड्यांकडे वळतात. इथे मी ठामपणे अडवेन. जस्त-अॅल्युमिनियमचं हे मिश्रण अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये आणलं. ब्रिटनमध्ये त्याला मॅझॅक म्हणतात. त्यासाठी अतिशुद्ध जस्त लागतं. अगदी थोडं शिसं मिसळलं गेलं तरी धातूच्या कणाकणांच्या सीमांवर गंज शिरतो, दमट हवा त्याला वेग देते, वस्तू फुगते, वाकडी होते, जाळीसारख्या चिरा पडतात आणि शेवटी चाकं हातात भुगा होऊन येतात. युद्धापूर्वीच्या डिंकी या ब्रिटिश कंपनीच्या गाड्या यासाठी बदनाम आहेत. दोष ओततानाच आत शिरलेला असतो, त्यामुळे तुम्ही कितीही जपलंत तरी तो जात नाही. तो शेजारच्या वस्तूला लागत नाही, एवढाच दिलासा. गाडी हवीच असेल तर युद्धानंतरची घ्या आणि तिचा तळ, चाकं, सांधे भिंगातून बघा.

शिशाचा खरा शत्रू: तुमचं कपाट

शिशाच्या बाजूने इतकं लिहिल्यावर त्याच्या आजाराबद्दलही सांगायला हवं, कारण इथे चूक आपल्या घरात होते. लाकूड, एमडीएफ, प्लायवूड, पुठ्ठा, सुताराचा पांढरा गोंद, आंबट वास येणारं सिलिकॉन सीलंट या सगळ्यांतून अॅसेटिक आम्लाची वाफ सुटते. दमट हवेत ती शिशाला खाते, हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड त्यात मिळतो, आणि रंगाखालून पांढरी पूड वर येते. त्या क्रियेत आम्लाचा काही भाग पुन्हा मोकळा होतो, म्हणून एकदा सुरू झालं की ते चालूच राहतं. ही पूड जवळपास तीच, जी पूर्वी सफेदा म्हणून रंगात वापरत. ती विषारी आहे. कोरड्या ब्रशने झटकू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. हातमोजे घाला, आकृती बंद पिशवीत वेगळी ठेवा, काम झालं की हात धुवा.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात बंद लाकडी शोकेस ही शिशाची सर्वात वाईट जागा. ओक सर्वात वाईट, सागही निर्धोक नाही. काच आणि पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याचं कपाट घ्या, आत सिलिका जेल ठेवा, पन्नास टक्क्यांच्या आत आर्द्रता राखायचा प्रयत्न करा. स्वस्तातला आर्द्रतामापक पुरतो.

मूळ खोक्याचं दुखणं वेगळं. खोक्यासकट संचाची किंमत बरीच वाढते, पण जुना पुठ्ठा आम्लधर्मी असतो. मी खोका जपेन, पण सैनिक त्यात ठेवणार नाही. खोका एका बाजूला, सैनिक आम्लमुक्त टिश्यूत गुंडाळून पॉलिथिनच्या डब्यात. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा.

दुरुस्ती

पोकळ सैनिकाला घरी सोल्डरिंग करू नका. शिसं ३२७ अंशांना वितळतं, मिश्रण त्याहून कमी तापमानाला, आणि पातळ भिंतीला भोक पडायला क्षण पुरतो. पितळेची बारीक तार आत घालून इपॉक्सीने जोडणं बरं. सुपरग्लूच्या वाफेने रंगावर पांढरट झाक येते. रंग उडालाय म्हणून पुन्हा रंगवणं तर नकोच: नव्या रंगाने सैनिक देखणा होतो आणि संग्राहकाच्या लेखी त्याचं मोल जातं. घेताना कडेने पडणाऱ्या उजेडातला आणि तळाचा फोटो मागा; अतिनील दिव्याखाली नवा रंग बहुधा वेगळा चमकून दिसतो.

कुणी काय घ्यावं

थोडक्या पैशात सुरुवात करायची असेल तर थोडा टवका उडालेलं, हात बदललेलं, पण पांढरी पूड नसलेलं ब्रिटन्सचं पायदळ घ्या. जागा कमी आणि नजर बारीक असेल तर चपट्या जर्मन आकृत्या. स्वतः रंगवायची हौस असेल तर सत्तरच्या दशकापासूनच्या २५ मिलिमीटरच्या वॉरगेम (टेबलावर खेळायच्या लढाईच्या खेळाच्या) आकृत्या बघा. त्या भरीव असल्याने तुटलेली तलवार किंवा भाला भोक पाडून सहज बसवता येतो. नव्वदच्या दशकापर्यंतच्या अनेक आकृत्यांत शिसं असतंच, तेव्हा कपाटाचे नियम त्यांनाही लागू. आणि घरात तोंडात वस्तू घालणारं मूल असेल तर यातलं काहीही त्याच्या हाताला लागेल असं ठेवू नका. कुलूप असलेलं कपाट आधी, खरेदी नंतर.