सोसायटीची झाडं छाटायची तर चेनसॉ कुठला? पेट्रोल, वायर की बॅटरी

चेनसॉ घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, ‘किती सीसीचं?’ मुंबईतल्या कामाला या प्रश्नाचा फारसा उपयोग नाही. इथे काम म्हणजे पावसाळ्याआधीची छाटणी. गुलमोहराची फांदी, तिच्याखाली कुणाची तरी गाडी, शेजारून केबलवाल्याच्या वायरी आणि वर दोरावर लटकलेला माणूस. अशा ठिकाणी वजन, आवाज आणि ट्रिगर सोडल्यावर चेन किती पटकन थांबते, एवढं बघायचं.

मशीनच्याही आधी परवानगी. झाड सोसायटीच्या आवारातलं असलं तरी १९७५ चा वृक्ष कायदा त्याला लागू आहे. तोडायचं असो की छाटायचं, आधी वॉर्डच्या उद्यान खात्यात अर्ज द्या.

नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात गेलात की ५८ सीसीचं, २२ इंची बारचं (बार म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी) बिननावाचं पेट्रोल मशीन समोर येतं. नामांकित कंपनीच्या ३२ सीसीच्या मशीनच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतं, त्यामुळे मोह होतो. पण तेल-पेट्रोल भरलं की त्याचं वजन सात किलोच्या आसपास जातं. छातीच्या उंचीवर ते दहा मिनिटं धरून पाहा, मग ठरवा. ३२ सीसीचं मशीन बार-चेन वगळून चार किलोच्या आत-बाहेर असतं आणि १४-१६ इंची बारवर सोसायटीतली बहुतेक कामं उरकतं. स्वस्त मशीन मी फक्त एका कामाला सुचवेन. वादळानंतर जमिनीवर पडलेले जाड ओंडके तुकडे करायचे असतील आणि मशीन मोडलं तरी हळहळ वाटणार नसेल, तर घ्या.

पेट्रोलची खरी डोकेदुखी वेगळीच आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा १० टक्क्यांची असते. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि मुंबईच्या हवेत ओलीला तोटा नाही. जूनमध्ये टाकी भरून ठेवलेलं मशीन ऑक्टोबरमध्ये दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी सुरू होत नाही, कारण कार्बोरेटरचे पडदे कडक झालेले असतात. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं प्रमाण मॅन्युअलमध्ये ५०:१ असेल तर लिटरला २० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं, ऑइल. ‘थोडं जास्त घाला, इंजिन टिकतं’ असं सांगणारे भेटतील. त्याने धूर वाढतो आणि प्लग काळा पडतो.

वायरवालं इलेक्ट्रिक मशीन सगळ्यांत स्वस्तात पडतं आणि तळमजल्याच्या बागेला पुरतंही. पण २००० वॅटचं मशीन साधारण ९ अँपिअर करंट ओढतं. वॉचमनच्या केबिनमधल्या ६ अँपिअरच्या प्लगवर ते लावू नका. १६ अँपिअरचा पॉइंट हवा आणि लांब वायर ओढायची असेल तर ती २.५ स्क्वेअर एमएमची, अर्थिंगसकट. बारीक वायरीने व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. झाडावर चढून मात्र हे मशीन वापरायचं नाही, आणि पावसातही नाही.

माझं मत बॅटरीच्या बाजूने झुकतं. ३६-४० व्होल्टचं, १२-१४ इंची बारचं मशीन घ्या. ट्रिगर सोडला की शांतता, म्हणजे खालचा माणूस ‘थांब!’ ओरडला तर वर ऐकू येतं. पेट्रोलच्या आवाजात ते शक्य नाही. दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या. मेच्या उन्हात बॅटरी तापते आणि बरेच चार्जर ती निवेपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाहीत. दिवसभर जाड लाकूड कापायचं असेल तर पेट्रोलला अजून तोड नाही.

ऑनलाइन मिळणारे सहा इंची मिनी चेनसॉ मनगटाएवढ्या फांदीपर्यंत ठीक. ते एका हातात धरता येतात हाच त्यांचा धोका, कारण दुसरा हात नकळत फांदी धरायला जातो. वरती हँडल असलेलं टॉप-हँडल मशीन दोर-हार्नेसवर काम करणाऱ्या शिकलेल्या माणसासाठी आहे, जमिनीवरच्या हौशी माणसासाठी नाही. आणि नारळाच्या झावळ्या काढायच्या असतील तर यातलं काहीच नको, कोयतेवाल्याला बोलवा.

मशीन कुठलंही घ्या, थोडे पैसे चेनसाठी राखून ठेवा. भुसा पिठासारखा पडायला लागला की चेन बोथट झाली. धारदार चेन चिपट्या काढते. छोट्या मशीनवरच्या ३/८ लो प्रोफाइल चेनला ४ मिमीची गोल कानस लागते. चिंच कापताना धार लवकर जाते. वड-पिंपळाचा चीक चेनवर सुकून चिकटतो, तो त्याच दिवशी पुसा. चेनला तेल पोहोचतंय का हे बघायला बारचं टोक कागदापासून वीतभर लांब धरून मशीन पळवा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. काप घेताना मात्र बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका. मशीन तिथूनच उसळून अंगावर येतं.

आता पडलेल्या झाडाच्या फळ्या. तौक्ते चक्रीवादळानंतर, २०२१ साली, मोठमोठे वृक्ष आडवे झाले आणि बहुतेकांचं सरपण झालं. पर्जन्यवृक्षाचं गाभ्याचं लाकूड देखणं असतं, त्यामुळे लोक विचारतात: ओंडका सॉ मिलला न्यावा, की चेनसॉला चौकट लावून जागेवरच चिरावा? सॉ मिलच्या बँडसॉचा, म्हणजे पट्ट्यासारख्या फिरणाऱ्या पात्याचा, काप २-३ मिमी रुंद, चेनचा ९ मिमीच्या आसपास. एक इंची दहा फळ्या काढताना नऊ काप पडतात. चेनने सुमारे आठ सेंटिमीटर लाकूड भुशात जातं, म्हणजे तीन फळ्या. बँडसॉने फार तर एक. शिवाय चिरायला ७० सीसीच्या आसपासचं मशीन आणि दाताचा कोन ३० ऐवजी १० अंशांचा असलेली चेन लागते.

तरीही रस्त्याकडेच्या झाडाला मी चेनच लावेन. बॅनर, दिव्यांच्या माळा, क्लासच्या पाट्या यांचे खिळे खोडात गिळलेले असतात आणि खिळ्याने बँडसॉचं पातं जातं, म्हणून सॉ मिलवाले असं लाकूड घ्यायला कुरकुर करतात. चेन कानसीने पुन्हा उभी राहते. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा.

ओंडका बाहेर नेण्याआधी त्याच्या परवानगीचंही उद्यान खात्यात विचारा. चिरलेल्या फळ्या वाळायला ढोबळमानाने इंचाला एक वर्ष लागतं. तोंडांना ऑइल पेंट, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या आणि सावली. गच्चीवरच्या उन्हात त्या तडकतात, म्हणून स्टिल्टखालची जागा उत्तम. पार्किंगचा तेवढा कोपरा कमिटी वर्षभर देणार का, हे ओंडक्याला चेन लावण्याआधी लेखी घ्या.