एटीसीच्या धंद्यात उतरायचंय: मोठ्या कंपनीचं जॉबवर्क की स्वतःचा डबा?

भाचा गोव्यात वेर्ण्याला पीसीबी असेंब्ली करतो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर पार्ट बसवतो, 14 माणसं नि दोन शिफ्ट. चवथीला माटोळी बांधता बांधता म्हणाला, मामा, विमानतळांच्या जुन्या एटीसी (विमानांच्या वाहतुकीचं नियंत्रण) सिस्टीम बदलायचं काम निघालंय म्हणतात, आपल्यासारख्याला त्यात काय मिळेल? तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, आता त्यालाच उद्देशून लिहून काढतोय, अजून कोणी याच विचारात असेल तर त्यालाही होईल.

काम आहे यात शंकाच नाही. अमेरिकेत एफएएने (तिथलं विमान वाहतूक खातं) 2023 मध्ये स्वतःच्याच 138 सिस्टीम तपासल्या, 51 धड टिकवताच येणार नाहीत असं निघालं, नि 2025 मध्ये तिथल्या संसदेने त्यासाठी साडेबारा अब्ज डॉलर मंजूर केले. आपल्याकडे नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीत फ्लाइट प्लॅनचे मेसेज फिरवणारी सिस्टीम बंद पडली, कंट्रोलरनी प्लॅन हाताने भरले, 800 च्या वर विमानं रखडली. पण गोम अशी की एटीसी बंद ठेवून दुरुस्त करता येत नाही. नवीन बसवेपर्यंत जुनं चालूच, मग काही महिने दोन्ही शेजारी शेजारी. आपल्यासारख्याला जागा आहे ती या मधल्या काळात.

अख्खं रडार किंवा ऑटोमेशन सिस्टीम डोक्यातून काढ. तिथे रेथिऑन, इंद्रा, थेल्स असले लोक आहेत, नि इथे बीईएल (सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्स), जिने 2021 मध्ये एअरपोर्ट्स अथॉरिटीबरोबर देशी सिस्टीमचा करार केलाय.

मग जॉबवर्क. म्हणजे अशा मोठ्यांना बोर्ड, केबल हार्नेस (तारांचे बांधलेले जुडगे), रॅक करून द्यायचे. ड्रॉइंग त्यांचं, सर्टिफिकेशनची डोकेदुखी त्यांची, तुझी मशीनं आत्ता आहेत तीच चालतील, क्वालिटीचे कागद नि टेस्टिंग मात्र वाढवावं लागेल. मार्जिन बारीक. कायद्याने छोट्या उद्योगाला 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्यावर तक्रार कोण करणार, तूच सांग. आणि उद्या ड्रॉइंग बदललं की तुझा माल पडून.

स्वतःचा डबा म्हणजे आपल्याच नावाने विकायचं यंत्र, कुठलं ते सांगतो. जुना रेडिओ चार तारांवर चालतो, कंट्रोलरने बटण दाबलं की वेगळ्या तारेवरून सिग्नल जातो आणि ट्रान्समीटर चालू होतो. नवीन सिस्टीमला आवाज नेटवर्कवरून हवा, त्यासाठी ईडी-137 नावाचं स्टँडर्ड आहे. दोघांच्या मध्ये बसणारा गेटवे बनवायचा. दुसरा डबा मास्टर क्लॉक, कारण रेडिओ, रडार, रेकॉर्डर सगळ्यांची वेळ एकच लागते. रेकॉर्डिंग किमान 30 दिवस ठेवावं लागतं, अपघात झाला तर सेकंद न सेकंद जुळवून बघतात.

यात किंमत तू ठरवतोस, नि एकदा बसलं की देखभाल आणि स्पेअर वर्षानुवर्षं तुझ्याकडेच. पण तोवर काय खाणार? गेटवेच्या सॉफ्टवेअरला डीओ-278ए (एटीसी सॉफ्टवेअरच्या भरवशाचं स्टँडर्ड) प्रमाणे कागदपत्रं मागितली तर कोडपेक्षा कागद जास्त होतात, माझ्या अंदाजाने दोन-तीन वर्षं तरी नुसता खर्च. वर नागरी बाजूला देशात ही सेवा देणारी अथॉरिटी एकच, म्हणजे गिऱ्हाईक एकच. टेंडरमध्ये 'सिमिलर वर्क', म्हणजे आधी केलेलं तसंच काम, दाखवा म्हणतात. छोट्यांना अनामत रक्कम माफ असते, अनुभवाची अट माफ होईलच असं धरू नको. गोव्यातच बघ ना, मोपाचा टॉवर अथॉरिटीचा नि दाबोळीचा नौदलाचा, दोन्ही ठिकाणी खरेदीची वाट वेगळी.

माझा अनुभव ऐक. एका सरकारी कार्यालयाला मी जीपीएस घड्याळ दिलं होतं, अँटेना गच्चीवर. घड्याळ झकास चाललं, पण एकाच पावसाळ्यात खारट वाऱ्याने कनेक्टर हिरवागार झाला, वेळ सरकायला लागली, आणि चूक माझीच म्हणून पदरचे पैसे घालून बदलून दिला. बिल त्यानंतर 11 महिन्यांनी निघालं. तो कनेक्टर अजून ड्रॉवरमध्ये आहे.

ड्रोनच्या ट्रॅफिकचं पण विचारलंस. 2021 च्या नियमांत विमानतळापासून 12 किलोमीटरपर्यंत पिवळा झोन, म्हणजे ड्रोनला परवानगी लागणारा भाग, आणि इथे विमानतळ दोन, त्यामुळे कामं निघतील, पण त्या रांगेत गर्दी फार आहे, मी तरी पैसे लावणार नाही.

मी तुझ्या जागी असतो तर पहिली दोन वर्षं जॉबवर्कच केलं असतं, पण एकाच कंपनीला अर्ध्यापेक्षा जास्त माल नसता दिला. त्यातून क्वालिटीचे कागद करायची सवय लागते, तीच पुढे विकायची असते. सोबत घड्याळ बनवायला घे, गेटवे नको, घड्याळ सोपं आहे आणि बँका, पॉवर स्टेशनलाही विकता येतं म्हणजे एकाच गिऱ्हाइकावर अडून राहावं लागत नाही. गेटवे मात्र शेडचं भाडं नि 14 पगार 18 महिने बिलाशिवाय निघणार असतील तरच. तो हिशेब घेऊन ये, चतुर्थीच्या गडबडीत नको, रविवारी ये. कनेक्टर पण दाखवतो.