रेलरोड टायकून: पहिला की दुसरा?

रेलरोड टायकून हा रेल्वे कंपनी चालवायचा संगणकावरचा खेळ. त्याचा पहिला भाग घ्यावा की दुसरा? रूळ टाकायचे, गाड्या सोडायच्या आणि गल्ला भरायचा, एवढंच हवं असेल तर फार विचार न करता रेलरोड टायकून २ घ्या. खेळ म्हणून तो सरस आहे, दिसायला आजही बरा आहे आणि आजच्या संगणकावर कमी डोकं खातो. पण प्रत्यक्ष गाड्या चालवायच्या, क्रॉसिंग, म्हणजे एकाच रुळावरच्या गाड्या एकमेकींना चुकवणं, सांभाळायची हौस असेल तर जरा थांबा. दुसऱ्या भागात नेमकी हीच गोष्ट हरवली आहे.

दोन्ही खेळांमागची माणसंच वेगळी, हे आधी लक्षात घेतलेलं बरं. पहिला १९९० साली मायक्रोप्रोझने काढला, तो सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा. दुसरा १९९८ चा, पॉपटॉप सॉफ्टवेअरच्या फिल स्टाइनमेयरचा. मधल्या आठ वर्षांत संगणक कुठल्या कुठे गेले होते, त्यामुळे चित्रांची तुलना करण्यात अर्थ नाही. पहिल्याचा नकाशा वरून पाहिलेला, चौकटी-चौकटींचा. दुसऱ्यात डोंगर-दऱ्या दिसतात आणि नकाशा फिरवता येतो.

पहिल्याची खरी मजा एकेरी मार्गावर आहे. साल १८३०, अमेरिकेचा पूर्व भाग, हाती दहा लाख डॉलर आणि त्यातले निम्मे कर्जाचे. दुहेरी मार्ग परवडत नाही. मग दोन शहरांमध्ये एकच रूळ टाकता, मध्ये एक सिग्नल टॉवर उभारता, की मार्गाचे दोन ब्लॉक होतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. टपालगाडी धावत येते आणि पुढच्या ब्लॉकमध्ये कोळशाची मालगाडी रांगत असते, म्हणून ती टॉवरपाशी ताटकळते. टपालाचे पैसे वेळेवर पोचण्याचे, त्यामुळे ती उभी राहिलेली पाहताना जीव खालीवर होतो. हाताने सिग्नल बदलून तिला पुढे काढता येतं, पण अंदाज चुकला तर दोन्ही गाड्या समोरासमोर. पुराने पूल वाहून गेल्याची बातमी आली की धावपळ वेगळीच: आधी त्या बाजूचे सिग्नल रोखायचे, मग पुलाच्या दुरुस्तीचं बघायचं. रोखायला उशीर झाला तर गाडी नदीत. लाकडी पूल स्वस्त का असतो, ते असं एकदा झालं की कायमचं कळतं.

दुसऱ्या भागात सिग्नल नाहीतच. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एक जागीच थांबते आणि दुसरी सरळ तिच्या अंगातून निघून जाते. वेळ वाया जातो खरा, म्हणून दुहेरी मार्गाला किंमत आहे, पण तो हिशेब फक्त खर्चाचा उरतो. मला ही तडजोड कधीच पटली नाही. रेल्वेच्या खेळात क्रॉसिंगच नसेल तर मग उरलं काय, असा प्रश्न मी सुरुवातीला बरेच दिवस विचारत होतो.

उरलं ते दुसरंच काही, आणि ते चांगलंच जबरदस्त आहे: शेअर बाजार. शेअर आणि कर्जरोखे पहिल्यातही होते, पण तिथे कंपनीचा पैसा म्हणजेच तुमचा पैसा. दुसऱ्यात तुमचा खिसा वेगळा आणि कंपनीची तिजोरी वेगळी. कंपनीला नवे शेअर काढायला लावून तिच्या जिवावर रूळ टाकायचे, लाभांश वाढवून तोच पैसा स्वतःच्या खिशात घ्यायचा, आणि त्यावर दलालाकडून उसने घेऊन आणखी शेअर उचलायचे. भाव चढता असेपर्यंत तुम्ही राजे. मग एक दिवस खालच्या पट्टीवर मंदी आल्याची बातमी झळकते, मालवाहतूक आटते, भाव घसरतो, आणि उसनवारी मर्यादेबाहेर गेली म्हणून दलाल तुम्हाला न विचारताच तुमचे शेअर विकायला लागतो. त्या विक्रीने भाव आणखी पडतो. आपणच उभ्या केलेल्या कंपनीतला आपला हिस्सा वितळताना बघण्यापलीकडे हातात काही राहत नाही. उलट बाजूनेही खेळता येतं: प्रतिस्पर्ध्याचे शेअर आपल्याकडे नसतानाच आधी विकून, भाव पाडून, मग स्वस्तात परत घ्यायचे. एकही गाडी न चालवता काही डाव जिंकता येतात, हे कौतुक म्हणायचं की तक्रार, ते तुमच्या स्वभावावर.

चढाच्या बाबतीत मात्र दुसरा निर्विवाद पुढे. रूळ ओढताना चढाची टक्केवारी तिथल्या तिथे दिसते, आणि कोणतं इंजिन किती चढावर किती वेगाने ओढेल तेही खरेदीच्या वेळीच समोर असतं. त्यामुळे डोंगर फोडून सरळ जायचं की लांबचा वळसा घालायचा, हा प्रश्न दर वेळी खरा वाटतो. सपाटीवर भन्नाट पळणारं इंजिन घाटात अक्षरशः मुंगीच्या पावलाने चालतं. शिवाय पाणी, वाळू आणि तेल यांची सोय वाटेत ठेवावी लागते. ती विसरलात तर इंजिन रखडतं. पहिल्यात चढ आहे, पण तो इतका अंगाला लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. पहिल्याच्या मूळ आवृत्तीत चार नकाशे, आणि गाड्या व स्टेशनं प्रत्येकी ३२ च. ही मर्यादा कागदावर जाचक वाटते, प्रत्यक्षात तिच्यामुळेच प्रत्येक गाडीकडे लक्ष राहतं. दुसऱ्यात १८ प्रसंगांची मोहीम आहे, उद्दिष्ट गाठलं तर कांस्य, रौप्य किंवा सुवर्णपदक मिळतं. खेळण्यातल्या वाटणाऱ्या सुरुवातीच्या इंजिनांपासून टीजीव्ही या फ्रान्सच्या वेगवान गाडीपर्यंतचा प्रवास आहे, नकाशे स्वतः बनवायची सोय आहे, इतरांबरोबर खेळता येतं. आणि पार्श्वभूमीचं ब्लूज संगीत! ते तासन्‌तास वाजत राहिलं तरी बंद करावंसं वाटत नाही. पहिल्यात नवा कारखाना स्वतः उभारता येतो. दुसऱ्यात आहे तोच विकत घ्यायचा. हा बदल मला मागे नेणारा वाटला, पण त्यावाचून काही अडत नाही.

व्यवहाराचं बोलायचं तर पहिला भाग २००६ साली मोफत उपलब्ध करून दिला गेला, पण तो डॉस या जुन्या संगणक प्रणालीचा असल्यामुळे ती आजच्या संगणकावर उभी करणारा डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम लागतो. सुरुवातीला इंजिनाचं चित्र दाखवून नाव विचारतात. चोरीच्या प्रती रोखायची ती जुनी युक्ती, उत्तरं मूळ पुस्तिकेत होती. दुसऱ्याची प्लॅटिनम आवृत्ती घ्या, तिच्यात द सेकंड सेंच्युरी ही पुरवणीही येते. पडदा जुन्या चौकोनी मापाचा आहे, तेवढं चालवून घ्यावं लागेल.

दोन्ही खेळायचे असतील तर क्रम उलटा लावू नका. दुसऱ्याची सवय झाल्यावर पहिल्याची चौकट नकोशी होते. आणि पहिला सुरू करताना वाहतूक नियंत्रणाचा पर्याय आवर्जून चालू ठेवा. तो बंद असला की तिथेही गाड्या एकमेकींना अडत नाहीत, आणि तसंच खेळायचं असेल तर सरळ दुसराच उघडा.